सकाळचा मेसेज रात्रीच सुचतो

लग्नाआधी दोन वर्षं आणि लग्नानंतर वर्षभर मी नवऱ्याला रोज सकाळी सात वाजता ‘शुभ सकाळ’ पाठवत होते. कधी दव पडलेला गुलाब, कधी वाफाळता कप, खाली दोन ओळींचा सुविचार. बहुतेक माल मावशीच्या ग्रुपवरून उचललेला. तो बिचारा अंगठा दाखवायचा. मग एकदा त्याची कंपनीत बढतीसाठी मुलाखत होती. त्या दिवशी गुलाबाला सुट्टी देऊन मी स्वतः लिहिलं: ‘तू करशीलच!!! मला पूर्ण खात्री आहे!!! आजचा दिवस तुझा!!!’ संध्याकाळी ठाण्याच्या तळावपाळीवर भेळ खाताना तो म्हणाला, “तुझा मेसेज वाचला आणि पोटात गोळाच आला. म्हटलं, आता नाही झालं तर घरीसुद्धा तोंड दाखवायची पंचाईत.”

आधी मला रागच आला. एवढ्या प्रेमाने लिहिलं आणि वर हे! पण भेळ संपेपर्यंत पटलं. त्या नऊ उद्गारचिन्हांत तो कुठेच नव्हता, माझीच धडधड होती.

त्यानंतर चुकत-माकत जे जमलं ते इथे लिहितेय. वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या, अजून घरी न सांगितलेल्या जोड्यांसाठी आहे, तसंच एका छताखाली राहणाऱ्यांसाठीही. “एकाच घरात राहून मेसेज कशाला?” असं माझी सासू विचारते. आमच्या वर्तकनगरच्या घरात पावणेसहा ते पावणेसात या तासात गिझर, तव्यावरच्या पोळ्या, डबे आणि लेकीची व्हॅन एवढं सगळं उरकायचं असतं. त्यात आम्ही एकमेकांशी चाळीसेक शब्द बोलतो आणि त्यातले निम्मे ‘किल्ली कुठंय’ याबद्दल असतात. धीराचं बोलायला त्यात जागा नाही. ती जागा नंतर सापडते, तो गाडीत बसल्यावर.

आदल्या रात्रीचा प्रश्न

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते. उद्या समोरच्याच्या ताटात काय वाढून ठेवलंय हे रात्री ठाऊक नसेल, तर सकाळी तुम्ही कितीही मनापासून लिहा, सुविचारच लिहाल.

‘उद्या काय आहे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, नेहमीचंच.’ हा प्रश्न फुकट जातो. त्याऐवजी असं विचारून पाहा: ‘उद्याचं कुठलं काम आपोआप टळलं तर बरं वाटेल?’ किंवा ‘सकाळी सगळ्यात आधी कोणाला तोंड द्यायचंय?’ यावर माणूस बोलतो, कारण टळलं तर बरं असं प्रत्येकाचं काहीतरी असतंच.

आणि ते आपण समजतो ते नसतं. माझी एक मैत्रीण कोपरखैरणेला क्लासमध्ये शिकवते. पालकसभा असली की ती आदल्या दिवशीपासून गप्प होते. तिच्या मित्राला वाटायचं, पालकांची भीती असणार, म्हणून तो सकाळी पालकांना कसं हाताळावं यावर लिहायचा. पालकांचं तिला काहीच नव्हतं. सभेआधी सरांच्या केबिनमध्ये पाच मिनिटं उभं राहावं लागतं, ती पाच मिनिटं तिला नको असायची. हे त्याला दीड वर्षाने कळलं, तेही एकदा सहज विचारलं म्हणून.

उत्तर मिळालं की तीन गोष्टी लक्षात ठेवा: किती वाजता, कोणासमोर, आणि त्यातला नेमका कुठला तुकडा बोचतोय. लक्षात राहत नसेल तर फोनमध्ये टिपून ठेवा, फक्त त्यांच्यासमोर नको. समोर बसून टिपलं की पंचनामा चाललाय असं वाटतं. आणि रात्री उपाय सांगू नका. ‘हं’ म्हणा, पाठीवर हात ठेवा, दिवा घालवा. उपाय सुचलाच तर एवढीशी काडी म्हणून तो सकाळी मेसेजमध्ये येऊ शकतो, किंवा मुळीच येऊ नये.

घड्याळ त्यांचं

आपण चहा घेऊन निवांत बसलो की आपल्याला प्रेम सुचतं. त्या वेळी समोरचा ठाणे स्टेशनच्या पुलावर, एक हात बॅगेवर आणि दुसरा गर्दीतून वाट काढायला, असा असतो. खिशात फोन थरथरला तर त्याला वाटतं ऑफिसचाच.

तेव्हा त्यांचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. माझा नवरा नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरची, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी गाडी पकडतो. गाडी ठाण्यालाच सुटते, त्यामुळे बसायला बऱ्याचदा मिळतं आणि दिघा मागे पडलं की तो फोन काढतो. माझा मेसेज तेव्हा तिथे असला पाहिजे. ऐरोली ते रबाळे हा त्याचा वाचायचा टप्पा. रबाळ्याला उतरला की शेअर रिक्षा, मग गेट, मग लॉकरमध्ये फोन. तेच डोंबिवलीहून येऊन ठाण्याला गाडी बदलणाऱ्या माणसाचं गणित वेगळं. त्याच्या पहिल्या प्रवासात फोन काढायलाच जागा नसते.

बाइकवाल्यांसाठी एकच नियम: रस्त्यावर असताना पाठवू नका. घोडबंदर रोडवर सकाळी मेट्रोचं काम, कंटेनर आणि खड्डे यांच्यामधून जाणाऱ्याच्या खिशात फोन वाजवणं याला प्रेम म्हणत नाहीत. निघण्याआधी पाठवा, किंवा पोचल्यावर.

‘सकाळ’ हा शब्दही सैल धरा. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत परदेशी वेळेवर काम करणाऱ्यांची सकाळ दुपारी चारला उजाडते. रात्रपाळी करून आठ वाजता घरी येणाऱ्या नर्सला ‘चल, दिवस गाजव’ लिहिलंत तर ती फोन भिंतीवर मारेल. तिला लिहा: ‘पडदे लावून झोप. दुपारी दोनपर्यंत मी फोन करणार नाही.’ वाशीच्या मार्केटयार्डात गाळा असलेल्याची अर्धी धावपळ आपण उठायच्या आत संपलेली असते. त्याला अकराचा मेसेज बरा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे अभ्यासिकेत शिरताना फोन बंद करतात, म्हणजे त्यांच्यासाठी वेळ चुकली की दिवसच चुकला.

आमच्या ओळखीत नेरुळची एक वहिनी आहे, तिचा नवरा मर्चंट नेव्हीत. जहाजावर नेट कधी असतं, कधी नसतं. तिने सहा दिवस रोज लिहिलेले मेसेज त्याला एकदम मिळतात. ती ‘आज’ हा शब्द वापरतच नाही, तारीख घालते. ‘१२ तारीख. पिल्लूने पहिल्यांदा पोळीचा तुकडा स्वतः मोडला.’ तो ते एकेक करून वाचतो, पुरवून पुरवून. परदेशी असणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू. जर्मनीत असलेल्याशी आपला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. आपल्या सातला तिथे मध्यरात्र उलटून दोन-तीन तास झालेले असतात.

मेसेज आधीच लावून ठेवायची सोय अँड्रॉइडच्या मेसेजेस अॅपमध्ये आहे: मजकूर लिहून पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ विचारतं. मी ती फारशी वापरत नाही. एकदा रात्री दहाला सकाळचा मेसेज लावला, अकराला आमचं जोरदार वाजलं, आणि सकाळी सात चाळीसला त्याला ‘माझ्या शहाण्या माणसा’ असं पोचलं. ते त्याला टोमणा वाटला. समजावून सांगण्यात रविवार गेला.

लिहायचं काय

देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, काना-मात्रा-वेलांटी सुटी मोजून. इंग्रजीत १६०. ही मर्यादा व्हॉट्सअॅपवर नाही, पण मी ती मनाशी धरते. गाडीत उभ्याने एका नजरेत वाचता यावं एवढंच लिहायचं. दोन छोटी वाक्यं, फार तर तीन.

पहिल्या वाक्यात त्यांच्या आजच्या दिवसातली एक खरी वस्तू हवी: वेळ, माणूस, कागद, खोली. दुसऱ्यात त्यांनी आधीच केलेलं काहीतरी. ‘तू हुशार आहेस’ यात धरायला काही नाही. ‘परवा दीड वाजेपर्यंत बसून ती शीट पुन्हा केलीस’ यात आहे, कारण ते घडलेलं आहे, त्यावर वाद घालता येत नाही. घाबरलेलं माणूस स्तुतीशी मनातल्या मनात भांडतं. घडलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही.

ऐरोलीला मुलाखत असलेल्याला: ‘अकराला ना? “स्वतःबद्दल सांगा” ला मागे अडकलास. परवा तेच तू घडाघडा बोललास.’

घरमालकाशी डिपॉझिटवरून बोलायचंय अशा बायकोला: ‘कराराचा कागद समोर ठेव. बाकी बोलायचं तुला कोणी शिकवायला नको.’

वडिलांची अँजिओग्राफी असलेल्याला धीर देऊ नका, माहिती द्या: ‘फाइल निळ्या पिशवीत, जुना ईसीजी मागच्या कप्प्यात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.’ इथे ‘सगळं छान होईल’ लिहायचा मोह होतो. तो आवरा, छान होईल का हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे.

आणि काही दिवस भीतीचं नावच काढू नये. याबद्दल एक अभ्यास मला फार पटला. नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे लोक आणि त्यांचे जोडीदार, अशा दोघांकडून रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. जोडीदाराने आधार दिला का, आणि परीक्षेला बसणाऱ्याला तो जाणवला का. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत असं दिसलं की जोडीदाराने दिलेला, पण समोरच्याच्या लक्षात न आलेला आधार सगळ्यात उपयोगी पडला. जाणवलेला आधार उलट थोडा जड जात होता. मला लगेच माझी नऊ उद्गारचिन्हं आठवली. आधार देतोय असं दाखवलं की ‘तुला आधाराची गरज आहे’ हेही त्यात सांगितलं जातं.

म्हणून मोठ्या दिवशी मी आता लिहिते: ‘डब्यात कैरीचं लोणचं दोन फोडी जास्त घातलंय.’ किंवा: ‘छत्री बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.’ मुलाखतीचा उल्लेख नाही. तो समजतो की नाही हे मी विचारत नाही. अर्थात ‘आज मला काहीतरी बोल, फार भीती वाटतेय’ असं कोणी तोंडाने मागितलं तर लोणच्याची फोड पाठवू नका. मागितलंय ते द्या, सरळ आणि भरपूर.

भाषा तुमची रोजचीच ठेवा. जन्मात कधी ‘प्रिये’ म्हटलं नसेल तर सकाळी साडेसातला सुरुवात नको. ज्यांच्या घरात ‘अहो’ चालतं त्यांनी ‘अहो’ लिहावं, त्यातही माया मावते. आमच्यात ‘ए’ चालतं. रोमन लिपीत लिहायची सवय असेल तर तसं लिहा, पण एखाद्या खास दिवशी देवनागरीत टाइप करून बघा, वेगळं वाजतं. कीबोर्डवर माइक दाबून बोललं तर मराठी बऱ्यापैकी उमटतं. मात्र पाठवण्याआधी वाचा. माझ्या ‘धीर धर’चं एकदा ‘दीर घर’ झालं होतं. व्हॉट्सअॅपवर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज सुधारता येतो, पण तोवर ऐरोली आलेली असते.

फोटो पाठवायचा तर आपण स्वतः काढलेला. सीवूड्सची एक मैत्रीण हिवाळ्यात सकाळी नेरुळच्या तळ्याकाठी चालायला जाते आणि फ्लेमिंगो आलेले असले की एक फोटो नवऱ्याला टाकते. लांबून काढलेला, गुलाबी ठिपक्यांसारखा, धूसर. खाली दोनच शब्द: ‘आलेत आज.’ मावशीच्या गुलाबापेक्षा ते ठिपके कितीतरी सरस.

काय टाळायचं

‘टेन्शन घेऊ नकोस.’ हे वाक्य वाचून आजवर कोणाचं टेन्शन गेल्याचं मी पाहिलेलं नाही. ‘माझ्या मावसभावाला पहिल्याच फटक्यात मिळाली नोकरी’ हे कोणी लिहितं का, असं वाटेल, लिहितात. सल्ल्यांची यादी नको. रात्रीचं अर्धवट भांडण सकाळच्या मेसेजमध्ये पुढे चालवू नका.

आणि कामं त्यात घुसडू नका. ‘तुला जमेल, आणि येताना अर्धा लिटर दूध आण’ यातलं फक्त दूध पोचतं. दूध स्वतंत्र पाठवा, दुपारी. हा नियम मी स्वतः आठवड्यातून एकदा तरी मोडते.

रोज पाठवू नका, असंही मी म्हणेन, आणि यावर माझ्या मैत्रिणी माझ्याशी भांडतात. रोजचा मेसेज दुधाच्या पिशवीसारखा होतो. आली तर कोणी बघत नाही, नाही आली की आरडाओरडा. आठवड्यातून दोन-तीनदा, कारण असेल तेव्हा, आणि एकदा काही कारण नसताना. लांब राहणाऱ्यांना मात्र रोजचाही चालतो, त्यांचं तेच घर असतं.

देव्हाऱ्याशेजारचा चार्जर

घरी अजून सांगितलेलं नाही अशांसाठी. आपल्याकडे फोन चार्जिंगला हॉलमध्ये असतो, बहुधा देव्हाऱ्याशेजारच्या प्लगला, आणि पूजा करणारी आई अगदी त्याच वेळी तिथे उभी असते. ‘जानू, आज तू वाघ आहेस’ हे आधी तिने वाचलं तर पुढचा दिवस वाघाचा जात नाही. तेव्हा प्रेम करायच्या आधी सेटिंग करा: लॉक स्क्रीनवर मजकूर न दाखवता फक्त मेसेज आल्याचं दाखवायची सोय प्रत्येक फोनमध्ये आहे. व्हॉट्सअॅपमध्ये २०२३ पासून एकच चॅट कुलूपबंदही करता येतं. पण ही जबाबदारी समोरच्याने पार पाडलीय का हे विचारून घ्या. नाहीतर लोणच्याच्या फोडीवर भागवा, ते आईनेही वाचायला हरकत नसते.

उत्तर आलं नाही तर

येऊ नये अशाच बेताने लिहा. प्रश्नचिन्हाने संपणारा मेसेज समोरच्याकडून काम मागतो. मी सुरुवातीला शेवटी ‘उत्तर नको, नुसतं वाच’ असं टाकायचे; आता टाकावं लागत नाही.

निळ्या खुणा दिसल्या आणि दहा मिनिटांत तुमचा जीव वरखाली व्हायला लागला, तर तो मेसेज त्यांना धीर द्यायला होता की तुम्हाला, हे एकदा स्वतःला विचारा. कारण याच वाटेने गोष्ट बिघडते. आधी ‘पोचलास का?’, मग ‘पोचलास तर सांगितलं का नाहीस?’, मग लोकेशन पाठव, मग प्लॅटफॉर्मचा फोटो. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीला तिचा होणारा नवरा रोज सकाळी पाच प्रेमळ मेसेज करायचा आणि प्रत्येकाला उत्तर आलं नाही की फोन. ती वाशीला उतरून जिन्यावरच थांबून उत्तरं द्यायची, आणि कामावर उशिरा यायची. तिला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं की ही हजेरी आहे. समोरच्याने ‘सकाळी नको लिहूस’ म्हटलं, तर कारण न विचारता थांबायचं.

भांडण झालेल्या सकाळी काय करायचं? लपवाछपवी न करता एक ओळ: ‘राग आहे अजून. पण दहाचं तुझं नीट होऊ दे.’ याहून प्रामाणिक मेसेज मी आजवर लिहिलेला नाही, आणि त्याने तो अजून स्टार करून ठेवलाय.

एक गंभीर गोष्ट. जोडीदाराला आठवड्यामागून आठवडे सकाळी उठवतच नाही, जेवण-झोप बिघडलीय, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येतेय, तर मेसेज हा त्यावरचा इलाज नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. तिथे तुम्हीही फोन करू शकता, त्यांच्या वतीने काय करावं हे विचारायला. आणि डॉक्टरकडे सोबत जा.

संध्याकाळ

हे बरेच जण विसरतात. सकाळी ‘अकराला ना?’ असं लिहिलं असेल तर संध्याकाळी अकराचं विचारायलाच हवं. नाही विचारलंत तर दोन-तीनदाच चालतं, मग सकाळचा मेसेजही गुलाबाच्या रांगेत जाऊन बसतो. विचारताना ‘झालं का?’ नको. त्याचं उत्तर हो किंवा नाही असतं, आणि नाही म्हणणं जड जातं. ‘केबिनमध्ये किती वेळ उभं केलं?’ असं विचारा, बारीकसं काहीतरी.

त्या बढतीचं, तुम्हाला उत्सुकता असेल म्हणून सांगते, त्या वर्षी काही झालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत होती. तेव्हा मी सात चाळीसला लिहिलं: ‘निळा शर्ट इस्त्रीवाल्याने आणून दिला का?’ प्रश्नचिन्हासकट, स्वतःचाच नियम मोडून. ऐरोली आणि रबाळ्याच्या मध्ये कधीतरी त्याचं उत्तर आलं: ‘घातलाय. बटण तुटलंय. हसतोय.’